देवांनी केलेला संप

मेसोपोटेमियाच्या पुराणकथांत माणसाच्या जन्माआधी एक संप होतो, आणि तो संप देवांनी केलेला असतो.

थोरल्या देवांनी चिठ्ठ्या टाकून विश्वाची वाटणी केली. आकाश अनूकडे गेले, पृथ्वी एन्लिलकडे, जमिनीखालचे गोडे पाणी एन्कीकडे. धाकट्या देवांच्या, म्हणजे इगीगींच्या, वाट्याला वेठ आली. कालवे खणायचे, गाळ उपसायचा, टोपल्या वाहायच्या. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांची पात्रेही त्यांनीच खणली. अशी युगे लोटली आणि एका रात्री इगीगींचा धीर सुटला. त्यांनी फावडी आणि टोपल्या पेटवून दिल्या आणि एन्लिलच्या वाड्याला वेढा घातला. दारावरच्या कल्कलला चाहूल लागली. त्याने एन्लिलचा वजीर नुस्कू याला उठवले, नुस्कूने एन्लिलला. भेदरलेल्या मालकाने निरोप धाडला, या दंग्याचा म्होरक्या कोण ते सांगा. बाहेरून उत्तर आले, आम्ही सगळेच.

‘अत्राहासिस’ या अक्कादी काव्याची ही सुरुवात. त्याची सर्वांत जुनी बऱ्यापैकी पूर्ण प्रत इ.स.पू. सतराव्या शतकातली आहे. हम्मुराबीचा खापरपणतू अम्मीसदुका बाबिलोनच्या गादीवर असताना इपिक-आया नावाच्या लेखनिकाने ती तीन मातीच्या फलकांवर उतरवली आणि शेवटी एकूण ओळी मोजून १२४५ हा आकडाही नोंदवला. एन्लिल रडतो, बंडखोरांतल्या एकाला ठार करा म्हणतो. थोरल्या देवांतूनच मग इगीगींची बाजू घेणारा आवाज उठतो. त्यांचे ओझे खरोखरच भारी होते, त्यांना दोष कसा द्यायचा? तोडगा एन्की काढतो. हे ओझे वाहायला एक नवा प्राणी घडवू या. तो प्राणी म्हणजे आपण.

पहिला माणूस कशापासून झाला हे तर बहुतेक संस्कृतींच्या कथा सांगतात. दोन नद्यांच्या या खोऱ्यातल्या आणि त्याच्या पश्चिमेला यहूदी लोकांनी रचलेल्या कथांना त्याहून पुढच्या प्रश्नाची ओढ आहे. माणूस कशासाठी झाला? आणि त्याच्या पोटात दडलेला आणखी एक प्रश्न : कष्ट कोणी उपसायचे आणि विसावा कोणाला मिळायचा? अंगची माती दोन्हीकडे एकच आहे. या प्रश्नाची उत्तरे मात्र वेगळी आहेत, आणि हा फरक हाती धरून वाचले की शतकानुशतके चाललेला एक वाद ऐकू येऊ लागतो.

माती, रक्त आणि थुंकी

‘अत्राहासिस’मध्ये माणूस घडवण्याची कृती एखाद्या विधीसारखी तपशीलवार दिली आहे. महिन्याच्या पहिल्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी एन्की शुद्धिस्नान योजतो. वे-इला नावाच्या देवाला सर्वांसमक्ष कापले जाते. या देवाकडे बुद्धी होती असे काव्य आवर्जून सांगते. संपाचा म्होरक्या तोच असावा असे काही अभ्यासकांना वाटते. निन्तू ही जन्मदेवता त्याचे मांस आणि रक्त मातीत कालवते. सगळे देव त्या चिखलावर थुंकतात. त्या देवाच्या मांसातून माणसाला मरणोत्तर उरणारा आत्मा मिळतो आणि एका ढोलाचा नाद कायम घुमत राहतो. हा नाद म्हणजे माणसाच्या छातीतली धडधड, असा अर्थ काहींनी लावला आहे. माणसाची माती त्याला मरण देते आणि रक्त त्याला अक्कल देते. पण ती अक्कल बंड केलेल्या देवाकडून आलेली, ही या काव्यातली खोच.

मग चिखलाचे चौदा गोळे होतात. सात उजवीकडे, सात डावीकडे, मध्ये एक वीट. चौदा जन्मदेवता, सात मुलगे, सात मुली. दहावा महिना येतो, निन्तू कंबर बांधून सुईणीचे काम करते, आणि त्याच ओघात काव्य खऱ्याखुऱ्या बाळंतिणीच्या खोलीत शिरते : यापुढे प्रसूती होईल त्या घरात ही वीट नऊ दिवस मांडून ठेवावी, निन्तूचा मान राखावा. त्या काळी बायका विटांवर उकिडव्या बसून बाळंत होत. देवादिकांची कथा अशी एकदम घरातल्या विटेपर्यंत येते, तेव्हा तिचा काही भाग सुइणींच्या तोंडी मंत्रासारखा फिरत असावा अशी शंका येते.

ही एकच कथा प्रमाण मानली जात होती असे मुळीच नाही. कुदळीची थोरवी गाणाऱ्या एका सुमेरी गीतात एन्लिल निप्पूरच्या पवित्र जागी कुदळीने जमीन फोडतो आणि माणसांची डोकी रोपांसारखी वर येतात. अश्शूर नगरात सापडलेल्या एका द्विभाषिक फलकात अल्ला नावाच्या देवांना मारून त्यांच्या रक्तातून माणसे केली जातात. पहिल्या दोघांना उल्लेगर्रा आणि अन्नेगर्रा अशी नावे आहेत. त्यांच्या कामांची यादीही सोबत आहे. बांध सांभाळायचे, पाट काढायचे, कुदळ चालवायची, देवांची कोठारे भरायची. ‘एनूमा एलिश’ या बाबिलोनच्या सात फलकी महाकाव्यात मर्दुक देव तियामत या आदिसागराला मारून तिच्या देहातून विश्व रचतो, आणि सहाव्या फलकावर तिचा सेनापती किंगू याच्या रक्तातून माणूस घडतो. तिथेही हेतू शब्द न चोरता सांगितला आहे : देवांची सेवा याने करावी म्हणजे देव मोकळे होतील. मोकळे झालेले देव कृतज्ञतेपोटी मर्दुकासाठी बाबिलोन बांधतात. एक वर्ष स्वतः विटा पाडतात, दुसऱ्या वर्षी एसागिला मंदिराचा माथा उभारतात आणि मग कायमचे हात धुतात. वसंतातल्या अकितू उत्सवाच्या चौथ्या दिवशी हे काव्य मर्दुकाच्या मूर्तीपुढे म्हटले जाई. माणूस मजूर आहे हे त्या नगरात दरवर्षी, देवासमोर, साग्रसंगीत घोकले जात होते.

यामागची सृष्टी डोळ्यांपुढे आणली की कथेचे नवल वाटत नाही. दक्षिण इराकमध्ये पाऊस जेमतेम. शेती सारी कालव्यांवर. कालवा दरवर्षी गाळाने भरतो आणि तो उपसला नाही तर गाव मरते. जमिनीचा मोठा हिस्सा मंदिरांचा आणि राजवाड्यांचा, त्यामुळे वेठ ठरलेली. मंदिरात देवाच्या मूर्तीपुढे पाने वाढली जात. उरुकच्या एका उत्तरकालीन विधिग्रंथात दिवसातून चार नैवेद्य सांगितले आहेत, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. देवाला भूक लागते आणि ती माणसाने भागवायची, हे तिथल्या धर्मजीवनाचे रोजचे गणित होते.

बिअरच्या नशेतली पैज

या साऱ्या कथांत मला सर्वांत जवळची वाटते ती ‘एन्की आणि निनमाह’ ही सुमेरी कथा. इथेही देव कष्टाने कावलेले, इथेही मातीचा माणूस. पण माणूस घडल्यावर देव मेजवानी करतात आणि एन्की व निनमाह ही देवी बिअर पिऊन तर्र होतात. निनमाह म्हणते, माणसाचे शरीर चांगले की वाईट हे माझ्या मर्जीवर आहे. एन्की म्हणतो, तू कसेही घडव, मी त्याचे नशीब लावून देतो.

निनमाह एकामागून एक व्यंग असलेली माणसे घडवते. एकाचे हात अधू. एन्की त्याला राजाच्या पदरी नोकरी देतो. एकाला डोळ्यांनी दिसत नाही. एन्की त्याला संगीत शिकवतो आणि राजापुढे बसवतो. एका बाईला मूल होणे नाही. तिला राणीच्या घरात जागा मिळते. निनमाह हरते. मग एन्की स्वतः एक जीव घडवतो आणि म्हणतो, आता तू याला पोस. तो जीव इतका दुबळा की त्याला उठता येत नाही, बसता येत नाही, हाताने घास तोंडात घालता येत नाही. निनमाह भाकरी पुढे करते, त्याचा हात येत नाही. हे अर्भक आहे की जराजर्जर म्हातारा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण प्रत्येक माणूस एका टोकाला पहिला असतो आणि जगला वाचला तर दुसऱ्या टोकाला दुसरा.

माणूस कामासाठी झाला असे मानणाऱ्या समाजाला काम न करू शकणाऱ्याचे काय करायचे हा प्रश्न पडणारच. या कथेने तो चुकवला नाही. देहात उणे असले तरी भाकरीचा हक्क जात नाही, असे उत्तर तिने दिले. मद्यपी देवांच्या थट्टेतून दिले, हा तिचा मोठेपणा.

हुकलेले अमरत्व

बायबलमधल्या एदेन बागेकडे वळण्याआधी आणखी दोघांना भेटायला हवे. पहिला अदापा. एरिदू नगरातला एन्कीचा पुजारी, मासे धरायला समुद्रात गेलेला. दक्षिणवाऱ्याने होडी उलटवली तसा हा संतापला आणि त्याच्या शापाने वाऱ्याचा पंखच मोडला. सात दिवस वारा पडला. आकाशदेव अनूने जाब विचारायला बोलावले. निघताना एन्कीने बजावले, वर तुला भाकरी देतील, ती मरणाची; पाणी देतील, तेही मरणाचे; वस्त्र आणि तेल मात्र घे. प्रत्यक्षात अनूने पुढे केले ते जीवनाचे अन्न आणि जीवनाचे पाणी. अदापाने हात लावला नाही. अनू हसला. माणसाच्या हाताशी आलेले अमरत्व असे आज्ञाधारकपणामुळे गेले. एन्कीने फसवले की त्याचाही अंदाज चुकला, हे कथा उलगडत नाही. या कथेचा एक महत्त्वाचा फलक इजिप्तमधल्या तेल एल-अमार्ना इथे मिळाला, इ.स.पू. चौदाव्या शतकातला. त्यावर शब्द तोडून वाचता यावेत म्हणून लाल शाईचे ठिपके दिले आहेत. इजिप्तमधले लेखनिक ही कथा गिरवून अक्कादी शिकत होते.

दुसरा एन्किदू, राजा गिल्गामेशचा सखा. अरुरू देवीने चिमूटभर माती रानात टाकून त्याला घडवले. अंगभर केस, हरणांबरोबर चरणारा, पाणवठ्यावर जनावरांत मिसळणारा. शमहत नावाची गणिका त्याला भेटते. सहा दिवस आणि सात रात्री तो तिच्याबरोबर राहतो आणि परत कळपाकडे जातो तर हरणे त्याला पाहून उधळतात. पायांतली धाव गेलेली असते, समज आलेली असते. तू देवासारखा झालास, असे शमहत त्याला सांगते, आपल्या वस्त्रातला अर्धा भाग नेसवते, भाकरी खायला आणि बिअर प्यायला शिकवते. मरताना एन्किदू तिला शिव्याशाप देतो आणि सूर्यदेवाने समजावल्यावर तेच शाप मागे घेऊन आशीर्वाद देतो. पुढे गिल्गामेश अमरत्व शोधत फिरतो, तारुण्य परत देणारी वनस्पती समुद्रतळातून आणतो, आणि तो तळ्यात अंघोळ करत असताना एक साप ती पळवून कात टाकून निघून जातो.

बाई, समज, वस्त्र, देवासारखे होणे, साप, निसटलेले अमरत्व. एदेनच्या गोष्टीचे सुटे भाग इथे विखुरलेले दिसतात. पण ते जोडले गेले ते वेगळ्याच मांडणीत.

एदेनमधला माळी

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात माणसाच्या निर्मितीच्या दोन कथा पाठोपाठ येतात. त्यांतली दुसरी, बागेची, आधी पाहू. जमिनीवर झुडूप नाही, कारण पाऊस पडलेला नाही आणि मशागत करायला माणूस नाही. परमेश्वर मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. इथे कोणा देवाला कापले जात नाही. रक्त नाही, अपराध नाही. माणसाच्या घडणीत बंडखोराचा अंश मिसळलेला नाही. बंड तो नंतर स्वतःच्या जबाबदारीवर करतो.

कामही आहे. आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. तो माळी आहे, पण त्या बागेतले फळ त्याने देवाच्या पानात वाढायचे नाही. स्वतःच खायचे आहे. बागेतून निघणाऱ्या चार नद्यांत हिद्दकेल म्हणजे तैग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस आहेत. त्या कोणाच्या वेठीने खणलेल्या नाहीत, आपणहून वाहतात. मेसोपोटेमियाची भूमी ओळखूनही कथाकाराने तिच्यातली वेठ वजा केली आहे.

मग ती सुप्रसिद्ध संध्याकाळ. हव्वा, साप, मना केलेले फळ. मुळात सफरचंदाचा उल्लेख नाही आणि सापाला सैतानही म्हटलेले नाही; ही दोन्ही भर पुढच्या शतकांतली. दिवस कलताना वारा सुटतो, परमेश्वर बागेत फिरायला येतो आणि नवराबायको झाडांत लपतात. विचारणा होते. आदाम म्हणतो, तू दिलेल्या या बाईने दिले. बाई म्हणते, सापाने फसवले. नुस्कूला ‘आम्ही सगळेच’ म्हणणाऱ्या इगीगींपुढे या जोडप्याची ही ढकलाढकली ठेवून पाहावी. तिकडे सामूहिक हक्काची भाषा आहे, इकडे एकेकट्याच्या जबाबदारीची. अदापा आज्ञा पाळून अमरत्वाला मुकला. आदाम आज्ञा मोडून.

शिक्षा नीट वाचली तर ध्यानात येते की शाप हा शब्द साप आणि जमीन यांच्याबद्दलच आला आहे. माणसाच्या वाट्याला येतो घाम, काटेकुसळे आणि अखेर माती. मेसोपोटेमियात कष्ट हा माणसाच्या जन्माचा हेतू होता. इथे कष्ट नंतर आले. ते बिघडलेल्या संसाराचे लक्षण आहेत. जे हेतू असते ते बदलण्याचे कारण नसते. जे बिघडलेले असते ते कधीतरी सुधारेल अशी आशा धरता येते. हा फरक लहान नाही. बाहेर काढताना परमेश्वर दोघांना चामड्याची वस्त्रे करून नेसवतो आणि जीवनाच्या झाडाची वाट राखायला करूब आणि फिरती ज्वालामय तलवार ठेवतो.

या करुबांच्या जातकुळीतले पंखधारी द्वारपाल अश्शूरच्या राजवाड्यांत दगडात उभे होते. हेन्री लेयार्डने १८४५ पासून निमरूद इथे ते खणून काढले, तेव्हा बसऱ्याहून माल लंडनला जायचा रस्ता मुंबई बंदरातून होता आणि निमरूदच्या पेट्या इथे उतरत. निमरूदचे काही शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

शोध आणि घाई

या दोन परंपरांची गाठ आधुनिक वाचकांसमोर पडली ती १८७२ साली. ब्रिटिश म्युझियममधला जॉर्ज स्मिथ हा नोटा छापण्यासाठीच्या कोरीवकामात उमेदवारी केलेला तरुण. निनवे इथल्या असुरबनिपालच्या ग्रंथालयातले फलक लावता लावता त्याला प्रलयाची कथा सापडली. ३ डिसेंबरला त्याने ती लंडनमध्ये वाचून दाखवली आणि गहजब झाला. १८७६ साली त्याचे उत्पत्तीच्या खाल्डियन वृत्तान्तावरचे पुस्तक निघाले. त्यात एका दंडगोल मुद्रेचे चित्र होते : मध्ये झाड, दोन्ही बाजूंना दोन बसलेल्या व्यक्ती, त्यांतल्या एकीमागे उभा साप. स्मिथला त्यात आदाम आणि हव्वा दिसले. आज त्या मुद्रेकडे पाहणारे सांगतात की एकाच्या डोक्यावर देवत्वाचा शिंगांचा मुकुट आहे आणि दृश्य देव व भक्त यांच्या भेटीचे आहे. शोधणाऱ्याला जे हवे असते ते दिसते, याचे हे ठसठशीत उदाहरण. पुस्तक निघाले त्याच वर्षी स्मिथ सीरियात आजाराने वारला.

१९०२ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश डेलिट्‌श याने कैसरच्या उपस्थितीत व्याख्यान देऊन बायबलचे बरेचसे बाबिलोनचे उसने आहे असा सूर लावला. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, हाही त्याला तिथलाच वाटला. बाबिलोनच्या पंचांगांत महिन्यातल्या काही ठरावीक तिथी अशुभ मानलेल्या होत्या हे खरे. त्या दिवशी राजाने काय करू नये याची यादीही मिळते. पण ती राजाची पथ्ये होती. मजुराची सुट्टी नव्हे.

कथा पश्चिमेला पोचल्या यात शंका नाही. अदापा अमार्नात मिळाला, गिल्गामेशचा तुकडा पॅलेस्टाइनमधल्या मेगिद्दोत मिळाला, प्रलयकथेचा उगारितमध्ये. यहूदी लेखकांना त्या ठाऊक होत्या हेही मानायला हरकत नाही. पण ठाऊक असणे आणि नक्कल करणे यांत अंतर आहे. ज्याच्याशी वाद घालायचा त्याचीच भाषा वापरावी लागते.

कालव्याकाठचे निर्वासित

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास नबुखद्‌नेस्सरने यरुशलेम पाडले. त्याआधी आणि नंतर यहूदी लोकांना टप्प्याटप्प्याने बाबिलोनियात नेले गेले. तिथल्या मातीच्या फलकांवर त्यांचा माग लागतो. बाबिलोनमध्ये सापडलेल्या शिध्याच्या नोंदींत यहूदाचा कैदी राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना दिलेल्या तेलाचा हिशेब आहे. इ.स.पू. ५७२ ते ४७७ या काळातले दुसरे काही फलक अल-याहूदू, म्हणजे यहूदी लोकांच्याच नावाच्या वसाहतीतले आहेत. कर्जे, खजुराची पिके, भाडेपट्टे. या माणसांना राज्याने जमिनी दिल्या होत्या आणि बदल्यात सरकारी चाकरी व वेठ करायची होती. यहेज्केल संदेष्ट्याला दर्शन घडले तेही एका कालव्याकाठी. इगीगींनी जे काम टाकले तेच काम ही माणसे करत होती, आणि ते का करायचे याचे बाबिलोनी उत्तर दर वसंतात त्यांच्या शेजारी दुमदुमत होते.

उत्पत्तीतली पहिली, सात दिवसांची कथा या काळात किंवा लगेच नंतर आजच्या रूपाला आली असे बरेचसे अभ्यासक मानतात. बागेच्या कथेच्या काळाबद्दल एवढे एकमत नाही. सात दिवसांची कथा त्या कालव्याकाठी बसून वाचली तर तिचे एकेक वाक्य उत्तर देणारे वाटते. युद्ध नाही, सागराचा वध नाही. शब्द उच्चारला आणि झाले. सूर्य आणि चंद्र यांना नावे नाहीत, नुसते मोठा दिवा आणि लहान दिवा, कारण नावे घेतली तर शेजाऱ्यांच्या देवतांची घ्यावी लागतील. आणि भूक उलटी फिरते. माणसाने देवाला जेवू घालण्याऐवजी देवच माणसाला झाडपाला, धान्य आणि फळे देतो. पन्नासाव्या स्तोत्रात तर देव टोमणा मारतो की मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगणार नाही.

मग ती देवाची प्रतिमा. अश्शूर आणि बाबिलोनमध्ये देवाची प्रतिमा म्हणून गौरवला जाई तो राजा. बाबिलोनी काळातल्या एका तुटक्या फलकावर तर बेलेत-इली देवी आधी साधा माणूस घडवते आणि मग एन्कीच्या सांगण्यावरून राजा वेगळा घडवते, बुद्धी, मुकुट आणि शस्त्रे देऊन. १९७९ साली सीरियात तेल फेखेरिये इथे एका राजाचा पुतळा मिळाला. त्यावरच्या अरामी लेखात पुतळ्यासाठी जे दोन शब्द आहेत तेच दोन हिब्रू रूपांत उत्पत्तीने माणसासाठी योजले आहेत. राजाचा हा मान उचलून ग्रंथकाराने तो सरसकट माणसाला दिला, आणि नर व नारी अशी दोघांची नावे एका दमात घेतली. पराभूत, बेदखल, दुसऱ्याच्या कालव्यावर राबणाऱ्या लोकांकडून हे लिहिले गेले असेल, तर तो कमालीचा ताठा म्हणायचा.

सातव्या दिवशी देव विसावतो. मेसोपोटेमियातही निर्मितीची सांगता देवांच्या विश्रांतीनेच होते. तिथे ती विश्रांती माणसाच्या कष्टांवर उभी आहे. निर्गम पुस्तकातल्या दहा आज्ञांत हाच सातवा दिवस मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीतला परका या सगळ्यांना लागू होतो. देवांनी संप करून मिळवलेली सुट्टी बैलापर्यंत पोचते. दासप्रथा त्या समाजातही होती आणि ग्रंथाने ती मोडली नाही, हे विसरून चालणार नाही. तरी सातातला एक दिवस मालकाच्या हुकमतीबाहेर काढला गेला.

प्रलयानंतर हीच दिशा दिसते. ‘अत्राहासिस’मध्ये माणसे वाढतात, गोंगाटाने एन्लिलची झोप उडते आणि रोगराई, अवर्षण, दुष्काळ यांनी भागले नाही म्हणून तो पूर पाठवतो. सात दिवस नैवेद्य नाही, देव उपाशी. वाचलेल्याने होम करताच ते माश्यांसारखे घोंघावत येतात. मजुराशिवाय आपले चालत नाही हे त्यांना कळते, पण लोकसंख्या आवरायची म्हणून वांझपण, अर्भके हिरावणारी पाशित्तू राक्षसी आणि मूल होऊ न देण्याचे बंधन असलेल्या देवदासी निर्माण होतात. उत्पत्तीत नोहा नौकेतून उतरतो तेव्हा पहिला आशीर्वाद पुन्हा उच्चारला जातो : फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा.

आदामाचे पुढचे दिवस

गंमत अशी की हिब्रू बायबलमध्ये पुढे बागेच्या या गोष्टीची फारशी आठवण निघत नाही. तिला जन्मजात पापाचे रूप मिळाले ते ख्रिस्ती परंपरेत, विशेषतः ऑगस्टीनच्या लेखनातून. ज्यू परंपरेने ते स्वीकारले नाही. तिथले रब्बी त्या गोष्टीशी खेळत राहिले. ते झाड कोणते? एक म्हणाला द्राक्षवेल, दुसरा म्हणाला अंजीर, तिसरा म्हणाला गहू. आदाम आधी एकाच देहात नर आणि नारी होता, पाठीला पाठ लावून दोन तोंडांचा, मग देवाने मधून कापला, असेही एक मत. मध्ययुगातल्या एका उपरोधिक ग्रंथात आदामाची पहिली बायको लिलिथ अवतरते. तीही त्याच मातीची, म्हणून बरोबरी मागणारी आणि ती न मिळताच निघून जाणारी. तिचे नाव मेसोपोटेमियातल्या जुन्या पिशाचवर्गाचे. निप्पूरला सापडलेल्या मंत्रांकित वाडग्यांवरही ते आहे.

आपल्याकडे आदाम मराठी ओवीत आला गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या आरंभापासूनची कथा आहे. मराठी कानांना ही कथा पुराण म्हणून ऐकवावी हे त्यांनी अचूक हेरले होते.

रब्बींच्या चर्चेतला एक मुद्दा मात्र मूळ कथेच्याही पुढे जातो. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात न्यायाधीशाने साक्षीदारांना ताकीद कशी द्यावी हे सांगितले आहे. प्राणदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला पहिल्या माणसाची आठवण द्यायची. माणूस एकटाच का घडवला गेला? एक जीव घेणारा सबंध जग बुडवतो हे कळावे म्हणून. माझा बाप तुझ्या बापाहून थोर, असे कोणी कोणाला म्हणू नये म्हणून. आणि राजा एका ठशाने पाडतो ती सारी नाणी सारखी निघतात, देवाने एका आदामाच्या ठशाने सारी माणसे पाडली तरी एकही दुसऱ्यासारखा नाही. ‘अत्राहासिस’मध्ये चौदा गोळे होते कारण मनुष्यबळ हवे होते. मिश्नाला एकच पुरतो, कारण तिला संख्या नको, किंमत सांगायची आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात या साऱ्या वादाचा निकाल लागलेला दिसतो. रायगड जिल्ह्याच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे मराठी बोलत होती. बाहेरच्या ज्यू जगाशी त्यांचा संबंध दीर्घकाळ तुटला होता, हिब्रू ग्रंथांचा अभ्यास उरला नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम मात्र त्यांनी सोडला नाही. गावाने त्यांना ओळखले ते ‘शनवार तेली’ म्हणून. बाग, साप, फळ यांची गोष्ट विस्मरणात गेली तरी चालले. तिच्यातला खरा दावा, की राबणाऱ्यालाही सातवा दिवस आहे, घाण्याच्या बैलासकट पाळला गेला. निप्पूरच्या देवांनी वाड्याला वेढा घालून जे मागितले आणि मिळताच स्वतःपुरते ठेवले, ते कोकणातल्या तेल्याने कोणाला न विचारता दर आठवड्याला घेतले. माणूस कशासाठी झाला, या प्रश्नावर एवढे व्यवहारी उत्तर मला दुसरे माहीत नाही.